गावचा तलाव आणि मुलांची शाळा

आपल्या भंडारा जिल्ह्याला ‘तलावांचा जिल्हा’ म्हणतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. निबंधात आपण ते वाक्य लिहितो आणि पाहुण्यांच्या स्वागताच्या भाषणातही ते हमखास येते. परंतु या तलावांत कोण राहते, काय उगवते, कोण कोणाला खाते आणि कोण कोणाच्या आधाराने जगते, असे विचारले तर आपल्यापैकी कितीजणांना चार वाक्ये धड सांगता येतील? कोणाला दोष देण्यासाठी मी हा प्रश्न विचारीत नाही. मी स्वतः कला शाखेची विद्यार्थिनी आहे, विज्ञानाशी माझा संबंध शाळेतच संपला. पण मी ढिवराची मुलगी आहे. आमच्या घरात चार पिढ्या तलावावर जगल्या आणि महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे तलाव आणि शाळा यांच्यामध्ये जी भिंत उभी आहे ती मला दोन्ही बाजूंनी दिसते. तलावातील वनस्पती व प्राणी मुलांना कसे शिकवावेत आणि मुळात का शिकवावेत, याविषयी मला जे उमगले ते या लेखात मांडत आहे.

प्रथम तलावांविषयी थोडेसे. आपल्याकडील बहुतेक जुने तलाव निसर्गाने आयते दिलेले नाहीत. ते माणसांनी बांधले आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या कर्त्या पुरुषांनी जमिनीचा उतार पाहून, मातीची पाळ घालून हे तलाव उभारले. जो तलाव बांधेल त्याला तलावाखालची जमीन कसायला मिळे, असे सांगतात. नवेगावबांधचा प्रचंड जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. (१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांध त्या जिल्ह्यात गेले, पण तलावांना जिल्ह्याच्या सीमा कळत नाहीत!) पुढे मालगुजारीच्या काळात हे तलाव मालगुजारांकडे आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि ते ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच ‘मामा तलाव’ झाले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव मोजले गेले आहेत. लहान बोड्या तर वेगळ्याच.

कोहळ्याने पाळ बांधली, शेतकऱ्याने तुडूम उघडून पाटाने धानाला पाणी नेले आणि ढिवराने त्या पाण्यात मासे धरले, शिंगाडे लावले. तलावाच्या आतल्या जगाची माहिती म्हणूनच प्रामुख्याने ढिवरांकडे राहिली. ती कोणी लिहून ठेवली नाही, कारण ज्यांना ती ठाऊक होती त्यांना लिहिता येत नव्हते आणि ज्यांना लिहिता येत होते ते पाण्यात उतरले नाहीत.

आता शाळेकडे वळू. प्राथमिक शाळेत ‘परिसर अभ्यास’ नावाचा विषय आहे. नाव किती सुंदर! परंतु मी ज्या शाळेत शिकले तेथून तलावाची पाळ तीनशे पावलांवर होती आणि अन्नसाखळीचा धडा आम्ही फळ्यावर काढलेल्या बाणांवरून शिकलो. शेवाळ, कीटक, मासा, बगळा. बाण पाठ झाले आणि मार्कही मिळाले. त्याच दिवशी संध्याकाळी बाबा जाळे झटकीत असताना त्यातून पडणारे पन्नास जीव मी रोजच्यासारखेच ओलांडून गेले. फळ्यावरचा कीटक तो हाच, असे मला कोणी सांगितले नव्हते आणि मलाही ते सुचले नाही.

ही अडचण केवळ आपल्याच देशातील आहे असे नाही. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी जर्मनीत फ्रीडरिश युंगे नावाचे एक शिक्षक होऊन गेले. त्या काळी तिकडच्या शाळांत प्राणी व वनस्पती म्हणजे नावांची, दातांची आणि पाकळ्यांची यादी असे. कील येथील प्राध्यापक कार्ल म्योबियस यांनी १८७७ मध्ये समुद्रातील कालवांच्या वस्तीचा अभ्यास करून असे मांडले की, एका ठिकाणी राहणारे सर्व जीव मिळून एक समूह बनतो आणि त्यातील एक घटक बदलला की सर्वांवर परिणाम होतो. युंगे यांनी हा विचार शाळेत आणला. १८८५ मध्ये त्यांनी गावतळ्यावर पुस्तक लिहिले. गावातले तळे हा एक जीवसमूह आहे आणि मुलांना निसर्ग शिकवायचा तर तळ्यापासून सुरुवात करावी, असा त्या पुस्तकाचा गाभा आहे. दोनच वर्षांनी, १८८७ मध्ये, अमेरिकेतील स्टीफन फोर्ब्स यांनी सरोवर हे एक लघुविश्वच आहे असे प्रतिपादन केले. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत १९७२ साली असाच एक विज्ञान शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. त्यात मुले पाठांतर सोडून शेतात, ओढ्यावर जाऊन स्वतः पाहत, मोजत आणि लिहीत. तो तीस वर्षे चालला आणि २००२ मध्ये बंद करण्यात आला.

जर्मनीतल्या शिक्षकाला गावतळे पुरले. आपल्याकडे तर गावागणिक तलाव आहे. मग शिकवायचे कसे?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात आम्ही साकोली तालुक्यातील एका गावी होतो. सकाळी श्रमदान आणि दुपारी बौद्धिक असा कार्यक्रम असे. दुपारच्या वेळात चौथी ते सातवीच्या बावीस मुलांना घेऊन तलावावर जाण्याची जबाबदारी मी मागून घेतली. त्या अनुभवावरून जी पद्धत मला उपयुक्त वाटली ती क्रमाने सांगते.

साहित्य अगदी थोडे लागते. पिठाची जुनी चाळणी काठीला बांधली की झोळणे तयार होते. एक पांढरी थाळी किंवा पांढरा टब हवा, कारण पांढऱ्या तळावर लहान जीव स्पष्ट दिसतात. दोन-तीन काचेच्या बाटल्या, एक दोरी, एक भिंग आणि प्रत्येकाची वही. इतकेच. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिस्त. मुलांनी गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात जायचे नाही, पोहणारा एक जाणता माणूस सदैव सोबत हवा, पाहिलेला जीव पुन्हा पाण्यात सोडायचा आणि घरी जाण्यापूर्वी हात साबणाने धुवायचे. दिवड हा पाणसाप बिनविषारी असतो हे मुलांना जरूर सांगावे, पण म्हणून कोणत्याही सापाला हात लावू देऊ नये.

पहिल्या दिवशी फक्त वनस्पती पाहाव्यात. तलावात काठापासून खोल पाण्याकडे जाताना वनस्पतींचे पट्टे बदलत जातात. काठाच्या चिखलात लव्हाळे आणि गवते असतात, त्यातच देवधान म्हणजे रानटी भात. थोडे पुढे मुळे तळाशी आणि पाने पाण्यावर अशा कमळ, पोयणी यांसारख्या वनस्पती. त्यापुढे संपूर्ण बुडून राहणाऱ्या. या बुडालेल्या वनस्पतींना आमच्या घरी सरसकट ‘गाद’ म्हणतात. शास्त्रज्ञ त्यांतील एकीला हायड्रिला, दुसरीला सेराटोफायलम, तिसरीला व्हॅलिस्नेरिया म्हणतात. मुलांनी प्रत्येक पट्ट्यातील एक-एक वनस्पती हातात घेऊन फरक शोधावा. कमळाचे पान पाण्याच्या वर उचललेले असते आणि त्यावर थेंब मोत्यासारखा घरंगळतो. पोयणीचे पान पाण्यावर टेकलेले असते आणि त्याला एक खाच असते. कमळाचा देठ मोडला की आत नळ्या दिसतात. चिखलात रुतलेल्या कंदाला हवा पोचते ती याच वाटेने. शिंगाड्याच्या देठाला फुगवटा असतो आणि त्यात हवा असल्यामुळे वेल तरंगतो. सेराटोफायलमला तर मुळेच नसतात. “मग हे जेवते कुठून?” असे एका मुलीने विचारले. उत्तर असे की, ती संपूर्ण अंगानेच पाण्यातील क्षार शोषून घेते.

व्हॅलिस्नेरियाची गोष्ट मुलांना फार आवडते. तिची पाने फितीसारखी लांब असतात. मादीफूल लांब देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येते. नरफुले तळाशी सुटी होतात, वर येतात आणि तरंगत तरंगत मादीफुलाला जाऊन भेटतात. परागीभवन झाले की मादीफुलाचा देठ स्प्रिंगसारखा वळतो आणि फळ पाण्याखाली ओढून नेतो.

याच दिवशी एक सोपा प्रयोग करावा. काचेच्या बाटलीत तलावाचे पाणी घेऊन त्यात हायड्रिलाची ताजी मोडलेली फांदी ठेवावी आणि बाटली उन्हात धरावी. थोड्याच वेळात मोडलेल्या टोकातून बुडबुडे वर येऊ लागतात. एका मिनिटात किती येतात ते मुलांनी मोजावे. मग बाटली झाडाच्या सावलीत नेऊन पुन्हा मोजावे. बुडबुडे कमी होतात. हा प्राणवायू आहे, वनस्पती तो उजेडात तयार करते आणि पाण्यातील जीव त्याच्यावर श्वास घेतात, हे सांगायला मग व्याख्यानाची गरज उरत नाही.

दुसऱ्या दिवशी लहान प्राणी. गादीच्या झुबक्याखालून चाळणी फिरवून ती पांढऱ्या थाळीत उलटी करावी. प्रथम नुसता कचरा वाटतो, पण दोन मिनिटे स्वस्थ बसले की कचरा हलू लागतो. चतुराचे पिल्लू सापडते. उडणारा चतुर लहानपणी पाण्याखाली राहतो आणि डासांच्या अळ्या फस्त करतो, हे मुलांना माहीत नसते. शेपटीला लांब नळी असलेला पाणविंचू सापडतो. ती नांगी नसून श्वासनळी आहे, तिचे टोक पाण्याबाहेर काढून तो हवा घेतो. पाठीवर दाण्यांसारखी अंडी चिकटलेला एक चपटा किडा सापडतो, आणि तो आई नसून बाप असतो! मादी नराच्या पाठीवर अंडी घालते आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत नर ती वाहून नेतो. आमच्या बावीस मुलांत यावर बराच वेळ हशा पिकला. गोगलगायी गादीवरचे शेवाळ खरवडून खातात, शिंपले पाणी गाळून त्यातील बारीक कण खातात. पाण्यावर पाय न बुडवता धावणारी निवळी तर सर्वांच्या ओळखीची असते. ती का बुडत नाही, हा प्रश्न मात्र तेव्हाच पहिल्यांदा पडतो.

तिसरा दिवस माशांचा. या दिवशी शिक्षकाने मागे बसावे आणि गावातील एखाद्या वृद्ध ढिवराला पुढे करावे. आम्ही तेच केले. त्या आजोबांना सही करता येत नाही. त्यांनी मुलांना सांगितले की, मरळ आपल्या पिलांची राखण करते, तांबूस पिलांचा थवा वर दिसला की आई-बाप जवळच असतात, आणि त्या वेळी त्यांना धरू नये, कारण मग सगळे पोर वाया जाते. मरळ, मागूर आणि शिंगी हे मासे पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतात, म्हणूनच उन्हाळ्यात पाणी आटून चिखल उरला तरी ते तग धरतात. रोहू, कटला, मृगळ यांचे तसे नाही. हे मूळचे नदीचे मासे असल्याने साचलेल्या तलावात ते सहसा अंडी घालत नाहीत. त्यांचे बीज दरवर्षी विकत आणून सोडावे लागते. गावठी माशांना मात्र बीज लागत नाही, त्यांना लागते उथळ पाणी आणि गाद. मत्स्यशास्त्राचे हे सार आजोबांनी अर्ध्या तासात सांगितले. त्या आजोबांचा नातू आमच्या बावीस मुलांतच होता. शाळेत मागच्या रांगेत बसणारा तो मुलगा त्या दिवशी सर्वांत पुढे उभा होता.

चौथा दिवस पक्ष्यांचा. बगळा, पाणकावळा, खंड्या, अडई, कमळपक्षी. कमळपक्ष्याची बोटे इतकी लांब असतात की तो तरंगत्या पानांवरून चालतो, आणि त्याच्याकडेही अंडी उबवण्याचे काम नराकडे असते. हिवाळ्यात हिमालयापलीकडून पट्टकादंब आणि चक्रवाक येतात. उथळ पाण्यातल्या गवतात घरटे करणारा सारस आता आपल्या जिल्ह्यात मोजकाच उरला आहे. पक्ष्यांविषयी बोलताना मारुती चितमपल्ली यांचे स्मरण अपरिहार्य आहे. वन अधिकारी म्हणून नवेगावबांधला असताना त्यांनी माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्या गावकऱ्यांकडून जंगल आणि तलाव समजून घेतले आणि ते मराठीत आणले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. पदवीधर माणूस गावकऱ्याकडून शिकतो म्हणजे काय, याचा त्यांच्याइतका चांगला दाखला आपल्या भागात दुसरा नाही.

पाचव्या दिवशी पाणी मोजावे. पांढऱ्या थाळीला वजन बांधून, वीतभर अंतरावर गाठी मारलेल्या दोरीने ती पाण्यात सोडावी. कितव्या गाठीला थाळी दिसेनाशी होते ते लिहावे. इटलीतील अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये हीच युक्ती समुद्रावर वापरली आणि आजही जगभर ती वापरतात. मात्र हे काम मुलांनी करू नये. डोंग्यातून जाणत्या माणसाने करावे आणि मुलांनी काठावर बसून नोंद ठेवावी. पाणी जितके गढूळ तितका उजेड कमी खोल जातो आणि उजेड नसेल तर गाद जगत नाही.

सहाव्या दिवशी या सर्वांची गाठ बांधायची. मुलांना वर्तुळात उभे करावे. एक गाद, एक शेवाळ, एक गोगलगाय, एक चतुर, एक मरळ, एक बगळा, एक सारस आणि एक ढिवर. जो ज्याच्या आधाराने जगतो त्याच्याकडे सुतळीचा गुंडा फेकायचा. पाहता पाहता जाळे तयार होते. मग ‘गाद’ झालेल्या मुलाला खाली बसायला सांगावे. सुतळी ओढली जाते आणि तो ताण एकामागून एक सर्वांच्या हाताला लागतो. शेवटी ढिवरालाही लागतो. फळ्यावरच्या सरळ बाणांत ही गोष्ट कधीच दिसत नाही.

आता ‘का शिकवावे’ या प्रश्नाकडे येते. आपल्या तलावांत आज खरोखरच गाद खाली बसत आहे. उथळ पाण्यात बेशरमचे रान माजले आहे. हे झुडूप मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत आणि ते जेथे माजते तेथे देशी वनस्पतींना जागा उरत नाही. काही तलावांवर जलपर्णीचे पांघरूण पडले आहे. त्याखाली उजेड पोचत नाही आणि पाण्यातील प्राणवायू घटतो. शेतातील खते आणि औषधे पावसाबरोबर तलावात उतरतात. गाळ काढण्याचे काम आवश्यकच आहे, २०१७ पासून त्यासाठी शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजनाही आहे. परंतु यंत्राने काठ उभा खोदला तर तलावाचा उथळ उतारच नाहीसा होतो, आणि देवधान, गाद, गावठी मासे, सारस हे सर्व त्या उतारावरच अवलंबून असतात. खोदणाऱ्याला हे सांगणार कोण? ज्याला तलाव माहीत आहे तोच.

हे केवळ बोलणे नाही, ते करूनही दाखवले गेले आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर समाजातील जाणते मच्छीमार पतिराम तुमसरे यांनी अर्जुनी मोरगाव तालुक्यात बेशरम उपटून, तलावाचा तळ नांगरून त्यात देशी पाणवनस्पती लावण्याचे काम उभे केले. गावठी मासे परतले आणि पक्षीही परतले. या कामात एका बाजूला पुस्तकी अभ्यास होता आणि दुसऱ्या बाजूला ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली वनस्पतींची आणि माशांची ओळख. दोन्ही एकत्र आली तेव्हाच काम झाले.

येथे एक आक्षेप येईल आणि तो मी बाहेरून ऐकलेला नाही. तो माझ्या घरातलाच आहे. शिबिराहून आल्यावर मी उत्साहाने सर्व सांगू लागले तेव्हा बाबा म्हणाले, “मी पान्यात जनम काडला, तू त नोको काडू. पोराइले काहून पान्यात नेतेस? त्याइले साळंत राहू दे.” या बोलण्यात जे दुःख आहे ते मला कळते. ज्याने थंडीत पहाटे गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभे राहून संसार चालविला, त्याला मुलांनी पाण्यापासून दूर जावे असे वाटणारच. शिक्षण म्हणजे तलावातून सुटका, असाच अर्थ आमच्या वस्तीत आहे, आणि तो चुकीचा आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मीही नोकरीसाठीच शिकत आहे.

परंतु माझे म्हणणे इतकेच आहे. मुलाला शाळेत तलाव शिकवला म्हणून तो ढिवरच राहील असे नाही. उलट आज तो शाळेत येतो तेव्हा त्याच्याजवळचे सर्व ज्ञान दाराबाहेर ठेवून यावे लागते आणि आत आल्यावर त्याला वाटते की आपल्याला काहीच येत नाही. जो मुलगा वीस मासे ओळखतो तोच मुलगा ‘कच्चा विद्यार्थी’ ठरतो आणि मग शाळा सोडतो. त्याला जर पहिल्याच वर्षी कळले की बाबा जे जाणतात त्यालाच शास्त्र म्हणतात, तर त्याचे पाऊल शाळेत अधिक घट्ट रोवले जाईल. आणि जो तलावावरच राहील, मच्छीमार संस्थेचा सभासद होईल, त्याला बीज किती सोडावे, गाळ कोठे काढावा, बेशरम केव्हा उपटावे हे ठरविता येईल. दोघांचाही यात लाभच आहे. बाबांना मी हे सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी जाळ्यातून निघालेला पाठीवर अंडी असलेला तो किडा त्यांनी ओंजळीत आणून मला दाखविला आणि विचारले, “ह्याले पुस्तकात काय म्हनतेत?”

शेवटी काही सूचना. आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक शाळेने वर्षातून निदान दोन वेळा, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा हिवाळ्यात, मुलांना गावच्या तलावावर न्यावे. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन आहे. १९७१ साली त्याच दिवशी इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांविषयीचा करार झाला. त्या सुमारास आपल्या तलावांत पाणी असते, पाहुणे पक्षी असतात आणि परीक्षा अद्याप दूर असतात. शाळेने गावातील एका ढिवर आजोबांना किंवा आजींना त्या दिवसापुरते गुरुजी म्हणून सन्मानाने बोलवावे. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने दरवर्षीच्या शिबिरात एक दुपार यासाठी राखून ठेवावी. विज्ञान शाखेच्या मित्रांनी भिंग आणि शास्त्रीय नावे आणावीत. आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी वही आणावी आणि झाडीबोलीतील मासे, किडे, वनस्पती यांची नावे ज्यांच्या तोंडी आहेत ते हयात असेपर्यंत लिहून घ्यावीत. भूगोलाच्या विद्यार्थ्याला तलावाचा नकाशा काढता येईल, मराठीच्या विद्यार्थ्याला शब्दसंग्रह करता येईल. माझ्या वहीत आजवर एकतीस नावे झाली आहेत. त्यांतील अकरा नावांचे पुस्तकी नाव मला अद्याप मिळालेले नाही. ज्या वाचकांना याबाबत साहाय्य करता येईल त्यांनी अवश्य करावे, ही नम्र विनंती.